नऊच्या पोटातला आठ: कॅनडाचे जुने सेंट कसे वाचावेत

१८५९ सालचा कॅनडाचा एक सेंट घ्या आणि तारखेतला शेवटचा ९ दहापट भिंगाखाली धरा. त्याचं पोट अरुंद, लंबगोल असेल तर नाणं नेहमीचं. अशी लाखोंनी पडली. पण ९ रुंद आणि गोलसर असेल, आणि त्याच्या शेपटीच्या डावीकडे दुसऱ्याच कुठल्या तरी आकड्याची कड पुसट उठलेली दिसत असेल, तर थांबा. ती कड आठाची आहे. १८५८ च्या उरलेल्या ठशावर, म्हणजे नाणं छापायच्या पोलादी साच्यावर, कारागिराने ९ ठोकून तारीख बदलली आणि खालचा ८ पुरता बुजला नाही. धातू तोच, वजन तेच, राणीही तीच, पण संग्राहक या दोन नाण्यांना एका भावात मोजत नाहीत.

जुना सेंट ओळखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. नाणं कोणत्या ठशातून निघालं, हा त्याच्या जन्माचा प्रश्न. बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं, हा त्याच्या आयुष्याचा. पहिल्याचं उत्तर म्हणजे डाय व्हरायटी, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ग्रेड. नवखे लोक ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळतात. झिजेने आलेल्या आकाराला व्हरायटी म्हणतात आणि ठशातल्या उणिवेला झीज समजून ग्रेड खाली ओढतात.

हे सेंट आले कुठून

तेव्हाच्या प्रोव्हिन्स ऑफ कॅनडाने १ जानेवारी १८५८ पासून हिशेब डॉलर-सेंटमध्ये ठेवायला सुरुवात केली. नाणी पाडली लंडनच्या रॉयल मिंटने, नक्षी लिओनार्ड चार्ल्स वायॉनची. पुढच्या बाजूला डोक्यावर पानांची माळ असलेली तरुण व्हिक्टोरिया, मागे मण्यांच्या वर्तुळात किंमत आणि तारीख, भोवती मेपलच्या पानांची नागमोडी वेल. १८५८ ची ४,२१,००० आणि १८५९ ची ९५,७९,००० नाणी पडली. बेरीज बरोबर एक कोटी.

माप मुद्दाम सोयीचं ठेवलं होतं. व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिमी, आणि शंभर नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एकाचं वजन ४.५४ ग्रॅम. दुकानदाराला पट्टी आणि वजन म्हणूनही वापरता यावीत, ही कल्पना. लोकांना मात्र ती हलकी वाटली, कारण त्याआधीची बँकांची तांब्याची टोकनं हाताला जड लागत. खप होईना, म्हणून ढीगच्या ढीग वर्षानुवर्षं पडून राहिले. १८५९ चा सेंट आजही बऱ्या अवस्थेत सहज मिळतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

१८६७ ला कॅनडा डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेखालचा स्वशासित देश झाला, पण नवा सेंट निघायला १८७६ उजाडलं. या वेळी व्यास तोच ठेवून वजन ५.६७ ग्रॅम केलं, म्हणजे पौंडाला ऐंशी नाणी. राणीच्या डोक्यावर आता रत्नजडित पट्टा आला. मोठा सेंट १९२० पर्यंत चालला. त्याच वर्षी १९.०५ मिमी आणि ३.२४ ग्रॅमचा छोटा सेंट निघाला.

म्हणून भिंगाआधी काटा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. बऱ्यापैकी झिजलेला मोठा सेंट दोन-तीन टक्के हलका भरला तर काळजी नको. पण १८५८ च्या तारखेचं नाणं ५.६ ग्रॅम भरत असेल, तर तारखेवर शंका घ्या. मग चुंबक लावा. कांस्य चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे.

उठलेलं आणि खोदलेलं

सगळ्या ओळखीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ठसा म्हणजे उलटी प्रतिमा. ठशात जे खोल, ते नाण्यावर उठून येतं. ठशाला तडा गेला, की प्रत्येक नाण्यावर बारीक उठलेली रेघ येते. याउलट नाण्यावर खोल गेलेला ओरखडा बहुतेक वेळा नंतरचा असतो: कुणाच्या खिशातल्या किल्लीचा, नाहीतर कपाटातल्या खिळ्याचा. दिवा एकाच बाजूने, तिरपा ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. उठलेल्या रेघेची सावली दिव्यापासून लांबच्या बाजूला पडते, खोल रेघेची सावली दिव्याकडच्या कडेला आत साचते. पाच मिनिटं सराव केला की डोळ्याला फरक कळायला लागतो.

एक अपवाद आहे. ठशात वंगण किंवा घाण बसली तर तिथे धातू वर चढत नाही. अक्षर अर्धवट किंवा गायब दिसतं. ही व्हरायटी नव्हे. पुढच्या नाण्याला घाण निघून गेली, की अक्षर परत येतं. अशा नाण्याला 'अक्षर नसलेला दुर्मीळ सेंट' म्हणून विकणारे भेटतात. गायब अक्षराच्या जागी पृष्ठभाग कसा आहे ते बघा. कडा विरघळल्यासारख्या गोलसर असतील आणि तिथली चकाकी शेजारच्यासारखीच असेल, तर ठसा भरला होता. तिथे बारीक समांतर रेघा किंवा खड्डा दिसला, तर कुणीतरी अक्षर खरवडलेलं आहे.

आता ठसा कसा बनायचा, ते थोडक्यात. मूळ नक्षीवरून उठावदार पंच तयार होई, तो मऊ पोलादात दाबून कामाचा ठसा निघे, मग ठसा कडक करून यंत्रात लावत. एकोणिसाव्या शतकात तारखेचे आकडे, कधी अक्षरंही, ठशावर हाताने एकेक पंच ठेवून हातोड्याने ठोकत. पंच थोडा वाकडा बसला की कारागीर पुन्हा नीट ठोकायचा, आणि पहिल्या ठोक्याची कड उरायची. व्हिक्टोरियाच्या सेंटांत व्हरायटींची एवढी गर्दी आहे ती यामुळे. पुढच्या काळात तारीख मूळ पंचातच येऊ लागली आणि गर्दी ओसरली.

१८५९ कडे परत येऊ. रुंद ९ खाली आठ, हा एक प्रकार. अरुंद ९ दोनदा ठोकलेला, हा दुसरा, आणि त्यातही एकाहून जास्त ठसे ओळखले गेले आहेत. त्यांतल्या एकाला पूर्वी '६ वर ९' म्हणून विकत, कारण आधीच्या ठोक्याची उरलेली कड सहासारखी दिसते. विचार केला तर ते पटत नाही. १८५६ ला हा सेंटच नव्हता, मग सहाचा ठसा येणार कुठून? असा विचार फार उपयोगी पडतो. आकड्यात आकडा दिसला की आधी विचारा: त्या आकड्याचा पंच त्या टेबलावर असायचं काही कारण होतं का?

दुहेरी आकडा दिसला म्हणजे तो पुन्हा ठोकलेलाच असेल, असंही नाही. छापताना ठसा किंचित सैल असेल, तर नाणं सुटताना तो आकड्याला घासून जातो. याला यंत्राची दुहेरी छाप म्हणतात, आणि तिला जवळजवळ किंमत नाही. ओळखायची खूण अशी: घसरलेल्या छापेत आकड्याच्या बाजूला सपाट, चपटी, चमकणारी पायरी दिसते आणि मूळ आकडा तेवढाच बारीक होतो. खरा दुसरा ठोका असेल, तर दोन्ही आकडे गोलाई घेऊन उठलेले असतात, टोकांना खाच पडून दोन टोकं वेगळी दिसतात, आणि आकडा बारीक न होता जाड होतो. दुहेरी आकडे म्हणून दाखवायला आणलेल्या नाण्यांत बहुतेक ही पायरीच निघते, हे मनाशी धरून बघायला बसलेलं बरं.

१८५९ मध्ये पितळी सेंटही आहे. कांस्याऐवजी पितळेच्या चकतीवर पडलेला, पिवळसर आणि दुर्मीळ. पण नेहमीचा सेंट आम्लात बुडवून काढला तरी तो काही दिवस पिवळाच दिसतो. फक्त रंगावरून पितळ ठरवू नका. धातूची तपासणी करून घ्या, नाहीतर सोडून द्या.

पानं, एच आणि बदलते मुखवटे

१८९१ हे वर्ष व्हिक्टोरियाच्या सेंटांत सगळ्यात गोंधळाचं. एकाच वर्षात तीन जोड्या आहेत: मोठी पानं-मोठी तारीख, मोठी पानं-छोटी तारीख, छोटी पानं-छोटी तारीख. पहिली नेहमीची, बाकीच्या दोन्ही कमी मिळतात आणि मोठ्या पानांची छोटी तारीख सगळ्यात कमी. नुसतं नाणं समोर ठेवून 'पान मोठं की छोटं' ठरवायला गेलात तर हमखास चुकाल. तुलनेला शेजारी दुसरं नाणं हवं. १८९० चा साधा, झिजलेला सेंट मोठ्या पानांसाठी आणि १८९५ च्या पुढचा कुठलाही छोट्या पानांसाठी ठेवा, दोन्ही स्वस्तात मिळतात. मग पानाच्या टोकापासून आतल्या मण्यांपर्यंतची मोकळी जागा बघा. मोठ्या पानांत टोकं मण्यांना जवळजवळ भिडतात, छोट्या पानांत मध्ये स्वच्छ पट्टी राहते. तारखेचंही तसंच. आकड्याची उंची डोळ्याने मोजू नका, आकडा आणि मणी यांच्यातलं अंतर बघा. झिजेने आकडा बारीक होतो, पण त्याची जागा सरकत नाही.

लंडनला काम जास्त झालं की बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीला ठेका जाई. त्या नाण्यांवर बारीक 'एच' असतो. १८७६, १८८१, १८८२, १८९०, १८९८, १९०० आणि १९०७ या वर्षांत तो भेटतो. जागा मात्र एकच नाही. कधी तारखेच्या लगेच खाली, कधी अगदी तळाशी, पानाखाली कडेजवळ. दोन्ही ठिकाणी बघितल्याशिवाय 'एच नाही' असं लिहू नका. १९०० मध्ये एच असलेले आणि नसलेले दोन्ही आहेत. १९०७ चा एच फक्त आठ लाख पडला, त्यामुळे तो शोधला जातो, आणि म्हणूनच साध्या १९०७ वर एच चिकटवण्याचा मोह लोकांना होतो. चिकटवलेल्या अक्षराच्या बुडाशी बारीक फट किंवा रंगाची वेगळी रेघ दिसते.

राणीचे मुखवटेही बदलत गेले. १८८२ किंवा १८९२ सारख्या वर्षात एकाच तारखेला दोन-तीन वेगळे चेहरे आहेत. फरक हनुवटीच्या गोलाईत, ओठांच्या मुडपीत, पट्ट्याच्या टोकाशी. हे काम चिकाटीचं आहे आणि झिजलेल्या नाण्यावर जवळजवळ अशक्य. पहिल्या वर्षात त्यात पडू नका, असं माझं स्पष्ट मत.

ठिपका आणि पान

छोट्या सेंटात दोन खुणा सगळ्यांच्या तोंडी असतात.

पहिली १९३६ चा ठिपका. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली. सहाव्या जॉर्जचे ठसे तयार व्हायला वेळ लागणार होता आणि नाणी तर हवी होती. मग १९३७ मध्ये, १९३६ च्याच ठशावर तारखेखाली बारीक ठिपका देऊन काम चालवलं. टांकसाळीच्या नोंदीत असे ६,७८,८२३ सेंट आहेत. प्रत्यक्षात माहीत असलेले फक्त तीन. तेव्हा कुणी ठिपक्याचा सेंट पुढे केला, तर तो चौथा असण्याची शक्यता किती, हे आधी मनात धरा. ठिपका ठशातून आला असेल तर आजूबाजूच्या धातूशी तो एकजीव असतो आणि बुडाशी गोलाई घेऊन उठतो. डाग देऊन किंवा चिकटवून लावलेला ठिपका थेंबासारखा वर बसलेला दिसतो. ठशाचा कण तुटून आपोआप आलेला उंचवटाही असतो, पण तो सहसा वाकडातिकडा आणि जागेवरून सरकलेला.

दुसरी खूण १९४७ चं मेपलचं पान, आणि तिचा धागा थेट दिल्लीपर्यंत जातो. जॉर्ज राजांच्या कॅनडियन नाण्यांवर नावापुढे लॅटिनमध्ये 'भारताचा सम्राट' हा किताब असे, 'एट इंड इंप' असा आखूड करून. ऑगस्ट १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि किताब काढायची वेळ आली. नवे ठसे लंडनहून यायला १९४८ उजाडून बराच काळ गेला. तोवर ओटावाच्या टांकसाळीने १९४७ चेच ठसे चालवले, फक्त तारखेनंतर एक इवलंसं मेपलचं पान टाकून. म्हणजे तारीख १९४७, पण नाणं पडलं १९४८ मध्ये. पान नसलेला १९४७ हा खरोखर त्या वर्षीचा. पानाच्या सेंटात सातच्या पायाचं टोक बोथट असलेला आणि टोकदार असलेला, असे दोन प्रकार आहेत. झिजलेल्या नाण्यावर हा भेद ठरवायच्या भानगडीत पडू नका. टोक झिजलं की सगळेच बोथट दिसतात. पान मात्र झिजलं तरी डाग म्हणून उरतं, आणि नुसता डाग ओळखीसाठी पुरतो.

राजाच्या नावाजवळच्या लॅटिन शब्दांचा आणखी एक किस्सा म्हणजे १९११ चा मोठा सेंट. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या वर्षीच्या नाण्यांवर 'देवकृपेने' या अर्थाचे लॅटिन शब्द राहून गेले. लोकांनी 'देवाविना नाणं' म्हणून ओरड केली आणि १९१२ पासून ते शब्द आले. ऐकायला भारी, पण नाणं दुर्मीळ नाही. १९११ चा सेंट झिजलेल्या अवस्थेत साध्या भावात मिळतो.

१९५३: खांद्यावरची घडी

एलिझाबेथच्या पहिल्या सेंटावर मेरी गिलिक यांनी केलेली प्रतिमा होती. तिचा उठाव जास्त असल्याने खांद्याचा भाग नीट छापला जात नव्हता. म्हणून त्याच वर्षी टांकसाळीच्या थॉमस शिंगल्सने ठशाची रेखणी दुरुस्त केली. दुरुस्तीआधीच्या नाण्यांवर खांद्याला वस्त्राची घडी दिसत नाही, नंतरच्यांवर दिसते. १९५३ मध्ये घडी असलेला कमी. १९५४ आणि १९५५ मध्ये उलट, घडी नसलेला कमी. १९५४ चा घडी नसलेला तर संग्राहकांच्या खास संचांतच सापडतो.

अडचण अशी की वापरात सगळ्यात आधी खांदाच झिजतो. घडी होती आणि पुसली, की मुळात नव्हतीच? खांदा सोडा आणि अक्षरं बघा. राणीच्या नावातला आणि पुढच्या लॅटिन 'डेई' (देवाच्या) या शब्दातला 'आय' पाहा. घडी नसलेल्या प्रकारात 'आय'ची दोन्ही टोकं पसरलेली असतात, डमरूसारखी. घडी असलेल्या प्रकारात तो सरळ, काठीसारखा उभा. बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्यावरही डमरू आणि काठी यांतला फरक दिसतो. शंभरभर १९५५ चे सेंट एका बैठकीत चाळायचे असतील, तर खांद्याकडे बघूच नका, 'आय' वरून निवडा आणि मग निवडलेल्यांचा खांदा तपासा.

आता ग्रेड

मोजपट्टी एक ते सत्तरची. कॅनडात वापरातल्या नाण्यांना जी-४ (गुड), व्हीजी-८ (व्हेरी गुड), एफ-१२ (फाइन), व्हीएफ-२० (व्हेरी फाइन), ईएफ-४० (एक्स्ट्रा फाइन), एयू-५० (जवळजवळ न वापरलेलं) असे टप्पे देतात आणि न वापरलेल्यांना एमएस-६० (मिंट स्टेट) पासून पुढे. प्रत्येक नाण्याची नक्षी वेगळी, म्हणून सगळ्यात उंच जागा कुठली हे आधी माहीत हवं. झीज तिथूनच सुरू होते.

व्हिक्टोरियाच्या सेंटात ती जागा म्हणजे कानावरचे केस आणि अंबाड्याभोवतीची वेणी. जी-४ ला कानावर केसांचा मागमूस नसतो. व्हीजी-८ ला थोडीशी चाहूल असते, पण केसांच्या बटा सुट्या मोजता येत नाहीत. एफ-१२ ला बटा दिसतात, तरी एकमेकींत मिसळू लागलेल्या, आणि वेणी झिजलेली. व्हीएफ-२० ला कानावरचे केस स्पष्ट, वेणीचे पेर दिसतात, पण धार गेलेली. ईएफ-४० ला फक्त अगदी वरच्या बटांवर हलकी झीज, वेणी कडक. एयू ला चकाकीही हवी, निदान अक्षरांच्या आजूबाजूला.

सातव्या एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जच्या नाण्यांत हे काम मुकुटाच्या पट्ट्यावर होतं. पट्टा मधोमध पुरता सपाट झाला की व्हीजी. रत्नांच्या जागा दिसतात पण धूसर, तर एफ. पट्टा सलग, स्पष्ट, जरा मऊ, तर व्हीएफ. रत्नं सुटी सुटी दिसू लागली की ईएफ. मागची बाजूही बघा. बाजू दोन असल्या तरी ग्रेड सहसा कमी दर्जाच्या बाजूकडे झुकते.

फसवी गोष्ट म्हणजे कमजोर छाप. चेहऱ्याचा उंच भाग भरायला धातू लागतो आणि बरोबर त्याच जागी मागे पानाचा उंच भाग असेल, तर दोन्हीकडे धातू पुरत नाही. केस सपाट दिसतात, पण ती झीज नाही. ओळखायचं कसं? नाणं पालथं करून त्याच जागेची मागची नक्षी बघा. तीही मऊ असेल तर छाप कमजोर. शिवाय झिजलेली जागा आजूबाजूपेक्षा मंद, मळकट तपकिरी होते. कमजोर छापेत रंग आणि चकाकी तुटत नाहीत, आणि कधी मूळ चकतीचे बारीक खडबडीत ठिपकेही उरतात. घासलं गेलेलं नाणं मात्र नेहमी गुळगुळीत असतं.

चकाकी म्हणजे नुसता लखलखाट नव्हे. ठशाखाली धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि पृष्ठभागावर अतिबारीक रेघा उमटतात. नाणं एकाच दिव्याखाली तिरपं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. बोटाने घासलं, कापडाने पुसलं, ब्रश मारला, की या रेघा मोडतात आणि पट्टा फिरायचा थांबतो. नाणं झळकत असूनही पट्टा फिरत नसेल, तर ते पॉलिश केलेलं आहे.

रंग

न वापरलेल्या कांस्याच्या सेंटाला लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे तीन वर्ग असतात, आणि किमतीत त्याने मोठा फरक पडतो. मूळचा लाल सोनेरी छटेचा असतो. हवेने आधी उंच जागा आणि उघडी सपाटी तपकिरी होते. लाल शेवटपर्यंत टिकतो तो अक्षरांच्या बगलेत, हनुवटीखाली, पानांच्या शिरांच्या आड.

घासलेल्या नाण्यात हे उलटं होतं. उंच भाग चकचकीत, आणि मळ मात्र अक्षरांच्या बगलेत. आम्लात बुडवलेल्या नाण्यात सगळीकडे एकसारखा गुलाबी, कच्च्या मांसासारखा रंग येतो, सावलीच नाही. एवढं लक्षात ठेवलं तर बाजारातली निम्मी फसवी 'लाल' नाणी दुरूनच ओळखता येतात.

आपल्याकडे देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठाने उजळतात, आणि घरात जुनं तांबडं नाणं निघालं की हात आपोआप चिंचेकडे जातो. कृपया नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावलं, की वरचा ऑक्साइडचा थर जातो आणि तो परत येत नाही. ज्याला ईएफ मिळाला असता त्याला 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो आणि किंमत व्हीजीच्या भावाला येते. मेणचट घाण किंवा जुन्या प्लॅस्टिकचा हिरवट चिकट थर असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून, स्वच्छ ॲसिटोनने धुऊन, न पुसता सुकवा. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको.

हिरवा ठिपका कोरडा, टणक, काळपट असेल तर तो सहसा तसाच राहतो. फिक्कट हिरवा, भुकटीसारखा, टोकरला तर पडणारा असेल, तर ती क्लोराइडची कीड आहे. दमट हवेत ती वाढत जाते. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणि टोरंटोच्या उन्हाळ्यातल्या ओलसर तळघरात त्रास सारखाच. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती महिना-दोन महिन्यांनी भाजून कोरडी करा. मऊ, वासाची प्लॅस्टिक पाकिटं टाकून द्या. त्यातल्या पीव्हीसीनेच तो चिकट हिरवा थर येतो. माइलरची (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लॅस्टिकची) कडक पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी वापरा. नाणं नेहमी कडेला, दोन बोटांत धरायचं. तांब्यावर बोटाचा ठसा काही आठवड्यांत कायमचा उमटतो.

कुणाकडून तपासून घ्यावं

नाणी तपासून ग्रेड देणारी टोरंटोची आयसीसीएस ही संस्था कॅनडियन नाण्यांसाठी बराच काळ नावाजलेली आहे. ती नाणं कडक पेटीत नव्हे, तर सीलबंद मऊ पाकिटात देते. अमेरिकेच्या पीसीजीएस आणि एनजीसी या तशाच संस्था कडक पेटी देतात. तिन्हींचे आकडे जसेच्या तसे एकमेकांना लावता येत नाहीत. कॅनडियन विक्रेते पेटीवरचा आकडा न बघता नाण्याला हवा तोच आकडा मनात धरतात, आणि ते बरोबर आहे. व्हरायटी पेटीवर लिहिलेली नसली तरी ती नसतेच असं नाही. १९५५ चे घडी नसलेले सेंट साध्या १९५५ म्हणून पाकिटात पडून राहू शकतात. उलट पेटीवर लिहिलेलं असूनही चूक असते. दहापट भिंग पेटीवरूनही चालतं.

तपासण्यासाठी पैसे भरण्याआधी स्वतःची नोंद पाकिटावर लिहा. एक नमुना: '१८५९, रुंद ९, शेपटीच्या डावीकडे आठाची कड, वजन ४.४९ ग्रॅम, कानावरच्या बटा मिसळू लागलेल्या, एफ-१२, तपकिरी, डावीकडच्या कडेला जुना ओरखडा, साफ केल्याची खूण नाही.' पेन्सिलने लिहा. शाई पाकिटातून आत झिरपते.